समुद्राकडे तोंड, रस्ता पाठीमागून

रत्नागिरी शहर वसलं तेव्हा त्याचं तोंड समुद्राकडे होतं. पेठ किल्ला, मिरकरवाडा, मांडवी, राजीवडा, घुडेवठार, चवंडेवठार, ही जुनी वस्ती सगळी किनाऱ्याला नाहीतर खाडीला धरून आहे. बाहेरचा माणूस यायचा तो बंदरावर उतरायचा. १८८६ च्या एप्रिलात इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इथे आणून ठेवलं, तेही बोटीनेच. नवा कलेक्टर, मुंबईचा चाकरमानी, कापडाचे गठ्ठे, सगळं पाण्यावरून यायचं आणि आंब्याच्या पेट्या पाण्यावरूनच जायच्या. घरांच्या पाठीला चढण, चढणीवर सडा, सड्यापलीकडे कातळ आणि रान. तिकडून कोणी येईल या हिशेबाने गावात काही बांधलेलंच नाही.

आता सगळे तिकडूनच येतात. मुंबई-गोवा महामार्ग शहरात शिरतच नाही, तेरा-एक किलोमीटरवरच्या हातखंब्यावरून परस्पर दक्षिणेला निघून जातो. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, तिचं स्टेशनही जुन्या बाजारपेठेपासून लांब, कुवारबावच्या अंगाला. हातखंबा तिठ्यावर वळलेली गाडी कुवारबाव, साळवी स्टॉप, मारुती मंदिर, जयस्तंभ अशी उतरत उतरत गावात येते. घराचं परसदार एकाएकी दिंडीदरवाजा व्हावं, तसं या शहराचं झालं. आणि पावसाचं पाणीही सड्यावरून त्याच उतारांनी खाली येतं. रस्त्यावरून इथे जी भांडणं होतात, त्यांत वरवर बोलणं चालतं ते रुंदीचं. मुळाशी असतो तो हा उतार.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. लोक मोजणीदार म्हणतात. मोजणीदाराला चहा भरपूर मिळतो, मोजणी झाली की दोघांपैकी एका घरचा बंद होतो. माझ्या उमेदवारीत लोखंडी साखळी अजून कपाटात होती: ३३ फुटांची, १६ आण्यांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, की झाला गुंठा. पुढे प्लेन टेबल, मग ईटीएस मशीन आलं. यंत्रं बदलली, पण गडगा कोणाचा आणि वाट कोणाची हे दोन प्रश्न काही बदलले नाहीत. निवृत्त झाल्यावरही आमच्या आळीतले लोक मला विचारायला येतात, आणि हल्ली विचारतात ते रस्त्याचंच. रस्ता रुंद करावा की नाही, डांबर असावं की काँक्रीट, गटार कोणाच्या बाजूने. म्हणून ही मागची हकीकत लिहायला घेतली.

रस्त्याआधी पाखाडी होती. जांभा दगडाच्या पायऱ्या, मधूनमधून सपाट टप्पा, दोन्ही बाजूंना गडगे. दोन माणसं शेजारून जातील एवढीच रुंदी, डोक्यावर भारा असेल तर एकाने गडग्याला टेकून उभं राहायचं. जांभा हा दगड मोठा सोयीचा. फ्रान्सिस ब्युकॅनन नावाच्या इंग्रजांच्या डॉक्टरने मलबारातल्या या दगडाचं वर्णन १८०७ मध्ये छापलं, तेव्हा त्याला नवल वाटलं ते याचंच: जमिनीतून काढताना हत्याराने कापावा इतका मऊ, आणि हवा लागली की विटेसारखा टणक. आमच्याकडे चिरेखाणीवरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

पाखाडीकडे मोजणीदाराच्या नजरेने बघितलं की एक गोष्ट ध्यानात येते. पायऱ्या सरळ आडव्या बसवलेल्या नसतात. एका अंगाला किंचित कललेल्या असतात, आणि ज्या अंगाला कलतात तिथे गडग्याच्या बुडाशी पाणी जायला पन्हळ सोडलेली असते. वाटेत पऱ्या, म्हणजे ओहोळ, आडवा आला तर त्याला अडवायचं नाही, वरून लाकडाचा साकव टाकायचा आणि पाणी खालून आपल्या वाटेने जाऊ द्यायचं. ज्याने पाखाडी बांधली तो स्वतः रोज त्यावरून चालणार होता. पाणी चुकलं तर पहिल्याच श्रावणात शेवाळावरून तोच घसरणार. इथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. एवढ्या पावसात पाण्याचा विचार न करता बांधलेली वाट टिकतच नाही.

मग सरकार आलं. पेशवाई बुडाल्यावर दक्षिण कोकणचा जिल्हा केला, त्याचं ठाणं आधी बाणकोटला होतं, ते १८२२ मध्ये रत्नागिरीला आणलं. १८३० मध्ये उत्तरेचे तालुके ठाण्याला जोडून जिल्ह्याचा दर्जा उतरवला आणि १८३२ मध्ये परत वाढवला. सरकारी कारभाराची ही ये-जा तेव्हापासूनची. पण कचेऱ्या आल्या त्या राहिल्या, आणि कचेरीला चाकांचा रस्ता लागतो. साहेबाची बग्गी पाखाडीवरून जात नाही. व्यापाराचं मोठं माप तोवर राजापूर, खारेपाटण, चिपळूण असं खाडीच्या वरच्या टोकांना होतं. गलबतं तिथवर आत जात आणि पुढे घाटावर वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे मीठ-धान्य नेत. रत्नागिरीला चाक आलं ते प्रामुख्याने कारभारापायी. बैलगाड्या जिथे थांबत त्या भागाला आजही गाडीतळच म्हणतात, आणि गाडीतळावर आता बैल सोडून बाकी सगळं उभं असतं.

१८७६ मध्ये नगरपालिका झाली. तेव्हाच्या नगरपालिका म्हणजे कलेक्टरने नेमलेली मंडळी. १८८२ च्या रिपनसाहेबाच्या ठरावानंतर, १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात निदान निम्मे सभासद निवडून यायला लागले. रस्ता, दिवा आणि गटार यांवरून गावातल्या माणसाने गावातल्या माणसाला सभेत जाब विचारायचा, ही चाल तिथून सुरू झाली. भांडण्याची हौस आम्हांला त्याआधीही होती, पण ती ओटीवर भागवावी लागे.

याच काळात सरकारी रस्ते बांधायची जी पद्धत हिंदुस्थानात रुळली, ती मॅकॅडमची. जॉन मॅकॅडम हा स्कॉटलंडचा माणूस, १८१६ मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांचा प्रमुख झाला. त्याचं म्हणणं साधं होतं. गाडीचं वजन शेवटी मूळची जमीन पेलते, खडी पेलत नाही. जमीन कोरडी राहिली तर ती वाटेल ते वजन पेलेल, म्हणून रस्ता आजूबाजूपेक्षा उंच धरा, मध्ये किंचित फुगीर करा आणि कडेने पाणी जाऊ द्या. वर टाकलेली बारीक फोडलेली खडी ही जमिनीवरचं छप्पर. बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रकात अजून ‘डब्ल्यूबीएम’ लिहितात, त्यातला एम तो हा मॅकॅडम. पाखाडी बांधणाऱ्या गवंड्याचं आणि या स्कॉटिश गृहस्थाचं पाण्याबद्दल एकमत होतं.

पण मॅकॅडमचा नियम मोकळ्या माळावर सोपा आहे. ‘आजूबाजूपेक्षा उंच’ हे दोन शब्द आमच्या आळीत आले की कोर्टात जातात. कारण आजूबाजूला घरं आहेत. रस्ता उंच झाला की कोणाचं तरी अंगण खोल होतं.

हे मला घरांच्या पायऱ्यांवरून कळत गेलं. जुन्या रत्नागिरीतलं घर जोत्यावर असतं, जोतं जांभ्याचं, आणि रस्त्यावरून ओटीवर जायला पायऱ्या. जुन्या माणसांना विचारा, ते सांगतील: आमच्या लहानपणी तीन होत्या, नंतर दोन, आता एक. घर खचलेलं नाही, रस्ता वर आला. दर डांबरीकरणाला एक थर. जुना थर खरवडून काढायचा हे कागदावर असतं, खडी पसरणाऱ्याला मात्र घाई असते, मेअखेर जवळ आलेली असते. काही घरांत तर शेवटची पायरीही गेली. त्यांनी मग उंबऱ्याबाहेर वीतभर बांध घातला, आणि पावसाळ्यात पाहुणा त्याला अडखळला की समजायचं, नवा आहे. कुठल्या दशकात रस्त्यावर किती काम झालं हे पाहायला दप्तर धुंडाळायची गरज नाही. जोत्याचे चिरे मोजायचे, किती बाहेर आणि किती पुरलेले.

समुद्राकडचं दार मिटत गेलं ते एकदम नाही. पावसाळ्यात बंदर तसंही बंद असे. नारळी पौर्णिमेपर्यंत आगबोटीचं नाव नाही. त्या महिन्यांत मुंबईला जायचं तर घाट चढून कोल्हापूरवरून फिरून. रस्ता हवा ही निकड कोकणात पहिल्यांदा वाटली असणार ती त्या दिवसांतच. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. ती रत्नागिरीची बोट नव्हती. पण बोटीने पाठवायचं म्हटलं की घरातली बाई पदर तोंडाला लावायची, हे त्यानंतरचं. पुढच्याच वर्षी १ जूनला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि यथावकाश लाल गाडी आमच्या घाटांतही आली. रत्नागिरीत तर शहराच्या आतली बससेवाही एसटीच चालवते, महाराष्ट्रात हे फार कमी गावांत आहे. मांडवी, मिऱ्या, भगवती बंदर, जिथे कधीकाळी प्रवास सुरू होई, ती नावं आता शहर बसच्या शेवटच्या थांब्यांची आहेत.

रस्त्याच्या वादात एक शब्द सतत येतो, वहिवाट. कायदेशीर बाजू अशी: १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्याप्रमाणे वीस वर्षं उघडपणे, बिनअडथळा, हक्काने दुसऱ्याच्या जागेतून ये-जा केली असेल तर तो हक्क पक्का होतो. शेताकडे जाणारी वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलतदार कोर्टाच्या कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, मात्र सहा महिन्यांच्या आत. कोकणातल्या वाड्या-आगरांत हे दोन कायदे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतात. मोजणीला गेलो की म्हातारा आधी वहिवाट सांगतो आणि मग नाव.

शहरात मात्र मला वहिवाटीचा सगळ्यांत भक्कम पुरावा भेटला तो पालखीचा. श्रीदेव भैरी हे रत्नागिरीचं ग्रामदैवत, बारा वाड्यांचा मालक. शिमग्यात त्याची पालखी गावात फिरते आणि तिचा मार्ग ठरलेला आहे. पालखी खांद्यावर घेऊन नाचवायची म्हणजे मधल्या माणसांना आणि बाजूच्या गर्दीला जागा लागते. एरवी गडगा हळूच हातभर पुढे सरकवणारा माणूस पालखीच्या वाटेवर तसं करत नाही. सरकवलाच तर शिमग्यात सगळ्या वाडीसमोर तोंड दाखवायचं असतं. जबान्या घेताना ‘हा रस्ता सार्वजनिक कशावरून?’ असं विचारलं की उत्तर यायचं, “हितून पालखी जाते ना!” त्यावर उलटतपासणी होत नसे.

याची दुसरी बाजूही आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या जबान्यांमध्ये सगळ्यांचीच वहिवाट सारखी धरली जात नव्हती. काहींनी कुठल्या वाटेने यायचं, कुठे थांबायचं हे जातीवरून ठरे, आणि त्यांना साक्षीला कोणी बोलावत नसे. सावरकर १९२४ ते १९३७ इथे स्थानबद्ध होते. देवळाच्या पायऱ्या कोणी कुठवर चढायच्या, हा त्या वर्षांतला गावातला खरा तापलेला वाद होता. भागोजीशेठ कीरांनी पैसा घातला आणि १९३१ मध्ये पतितपावन मंदिर सर्वांसाठी उघडलं. रस्ता रुंद असण्याआधी तो सर्वांचा असावा लागतो.

आता अलीकडचं. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचा पनवेल-इंदापूर टप्पा २०११ मध्ये सुरू झाला, आणि इतक्या वर्षांत महामार्गाच्या नंबरापासून सगळं बदललं, सतराचा सहासष्ट झाला, फक्त ‘काम प्रगतिपथावर’ ही पाटी बदलली नाही. इकडे शहराच्या कण्यावरून मिऱ्या-नागपूर महामार्गाचं रुंदीकरण आलं. किनाऱ्याला रेवस-रेड्डी सागरी महामार्ग, मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून ऐकतोय. काळबादेवीच्या लोकांनी तो आमच्या गावातून नको म्हणून विरोध केला, तेव्हा काही शहाण्यांनी त्यांना विकासविरोधी ठरवलं. मी काळबादेवीला मोजणीला गेलेला माणूस आहे. समुद्र आणि खाडी यांच्यामधली ती चिंचोळी पट्टी, तिच्यात घर, आगर आणि विहीर बसवल्यावर उरतं काय? ज्याच्याकडे गुंठेच मोजके आहेत त्याने साखळीचा हिशेब करायचा नाही तर कोणी करायचा?

शहरात गेल्या दशकाच्या शेवटी नव्या पाणीयोजनेसाठी रस्ते खणले, मागोमाग गॅसची पाइपलाइन. चर बुजवले, ते पहिल्या पावसात बसले, खड्डे झाले, ओरड झाली. त्यानंतर मुख्य रस्ता काँक्रीटचा करण्याचं काम आलं. दरम्यान २०२१ च्या अखेरीला निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली आणि बराच काळ प्रशासकांचा कारभार होता. म्हणजे रस्त्याबद्दल सर्वांत जास्त बोलण्यासारखं होतं, नेमकं तेव्हा बोलायला नगरसेवक नव्हता. लोक मग देवळात जमायला लागले.

आमच्या आळीची बैठकही अशीच देवळाच्या सभामंडपात झाली. विषय: खालचा रस्ता रुंद करून काँक्रीटचा करावा, असा अर्ज द्यायचा की नाही. कोपऱ्यावरचे दुकानदार अण्णा रुंदीच्या बाजूने, त्यांना गिऱ्हाइकाची स्कूटर लावायला जागा हवी. समोरच्या वहिनींचं म्हणणं वेगळं. गेल्या वर्षी त्यांच्या सासऱ्यांना रात्री छातीत दुखायला लागलं, १०८ची गाडी वळणावर अडली आणि त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी वरपर्यंत नेलं. “तुम्हांला काय गडग्याचं पडलंय ते असूं दे,” त्या म्हणाल्या, “पण खुर्ची उचलायला पुढच्या वेळी चौघे तरी कुठून आणायचे? आळीत तरणा माणूस उरलाय किती?” यावर कोणी बोललं नाही. सगळ्यांची मुलं पुण्या-मुंबईला आहेत.

विरोध होता तोही खोटा नव्हता. एकाचा फणस जाणार होता, एकाची न्हाणी. एक निवृत्त मास्तर म्हणाले, रस्ता रुंद झाला की मधल्या रस्त्याचा कंटाळा आलेले सगळे रिक्षावाले इथूनच घुसणार, आणि मग नातवंडं मेमध्ये आली की ओटीखाली उतरवायची सोय नाही. तेही खरंच. पार्किंग, फणस, रिक्षा, यावर तासभर गेला. रुंदी आठ फूट की दहा, यावर अर्धा. पाण्याचं नाव कोणी काढलं नव्हतं.

मी विचारलं, नव्या रस्त्याची उंची काय धरायची? म्हणजे काय, म्हणे. मी म्हटलं, काँक्रीट एकदा घातलं की चाळीस वेळा उकरता येत नाही, ते डांबरासारखं दबतही नाही. आज जे जोतं रस्त्याच्या बरोबरीला आहे ते उद्या सहा-आठ इंच खाली जाईल, आणि मग तुमच्या पडवीतून वाहणारं पाणी पंचवीस-तीस वर्षं वाहत राहील. तेव्हा अर्जात रुंदी मागण्याआधी हे मागा: जुना थर काढून, आहे त्या उंचीच्या वर न जाता रस्ता करावा. दोन्ही बाजूंच्या जोत्यांच्या उंचीची नोंद काम सुरू होण्याआधी कागदावर घ्यावी. आणि मध्ये जो पऱ्या पूर्वी उघडा होता आणि आता दोन घरांच्या न्हाणीखाली गडप झालाय, त्याला मोरी द्यावी.

पऱ्या म्हटल्यावर सभा जागी झाली. त्या दोन घरांनी माझ्याकडे बघितलं, ते कसं हे सांगायला नको. अण्णा म्हणाले, “तुम्ही रिटायर झालात तरी मोजणी सुटली नाही तुमची.” मास्तरांनी मात्र उठून सांगितलं की ते पोरवयात त्या पऱ्यात मुऱ्ये पकडत, आणि साकव कुठे होता ती जागाही दाखवतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे जाऊन ती पाहून आलो. पलीकडच्या गडग्यात साकवाच्या तुळईची खोबण अजून आहे, चिरा तिथे चौकोनी कापलेला आहे. तिथून खालच्या रस्त्यापर्यंत पाण्याचा मूळचा उतार अजून जागेवर आहे, फक्त त्याच्यावर फरशी आहे.

अर्ज तयार झाला. रुंदी नऊ फुटांवर तुटली, म्हणजे कोणाचंच समाधान झालं नाही. वहिनींनी पहिली सही केली. फणसवाल्यांनी कुरकुरत केली, फणस एका कडेने वाचवता येतो असं मोजून दिल्यावर. दोन सह्या राहिल्या आहेत. एक न्हाणीवाल्यांची, ती होईल असं मला वाटत नाही. दुसरी आळीच्या खालच्या टोकाला राहणाऱ्या आजींची. त्या म्हणाल्या, तुम्ही वरचे सगळे मिळून पाणी मोरीत घालणार आणि मोरी येऊन सुटणार माझ्या दारात. ती कुठे सोडणार, खाडीपर्यंत कशी नेणार, ते नकाशावर दाखव, मग करीन सही. बाई शाळेत चौथीच्या पुढे गेलेली नाही. जुना सिटी सर्व्हेचा नकाशा मागवलाय, आणि तिच्या दारापासून खाडीपर्यंतच्या पातळ्या घ्यायला उद्या सकाळी मास्तर टेप धरायला येणार आहेत.